यंदा शिबिर होणार नाही

शिट्टीताईंचा पोटापाण्याचा धंदा दातांच्या कवळ्या करण्याचा. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यावरून प्लॅस्टरचे साचे, साच्यावर गुलाबी मेण, आणि त्या मेणात एकेक दात असा बसवायचा की घालणाऱ्याला तो आपलाच वाटला पाहिजे. दिवसभर मान खाली. समोर छोटा दिवा, हातात तापवलेली सुरी, कानाशी घासयंत्राची घरघर. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं. रस्त्यात कुणी ओळख दाखवून हसलं की ताई आधी त्याचे दात बघत, मग चेहरा.

शिट्टीताई हे काही खरं नाव नव्हे. पण गळ्यात सदा एक शिट्टी लटकलेली, त्यामुळे पोरांनी ते नाव पाडलं आणि पुढे थोरांनीही तेच चालू ठेवलं. "आमच्याकडे कुकरपेक्षा बायकोच्या शिट्ट्या जास्त," असं त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत. हे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, असं स्वतःच म्हणून स्वतःच हसायचे.

त्या भागातल्या स्काऊट संघटनेत ताई कशा गेल्या, ती गोष्ट त्या कुणी विचारलं तरच सांगत. लेक आठ-नऊ वर्षांची असताना फार बुजरी होती. तिला चार पोरांत मिसळायची सवय लागावी म्हणून पथकात घातलं. पहिल्या दिवशी ताई कडेला बाकावर बसून होत्या. तिथल्या प्रमुख म्हणाल्या, "बसल्याच आहात तर जरा ही दोरी धरा." ताईंनी धरली. लेक दोन वर्षांत कंटाळून नाचाच्या क्लासला गेली. आईच्या हातातली दोरी काही सुटली नाही. आता ती लेक परगावी नर्स आहे, तिला स्वतःचं मूल आहे, आणि ताई विभागाच्या संघटक, भांडारप्रमुख, वार्तापत्राच्या संपादक आणि वेळ पडली तर संडास धुणाऱ्याही.

वार्तापत्र वर्षातून तीनदा निघायचं, दर हंगामाला एक. कुठल्या पथकाने टेकडीवर झाडं लावली, कुणी वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हटली, कोणाला कुठला बिल्ला मिळाला. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना प्रत्येक गोष्ट "उत्साहाच्या वातावरणात संपन्न" झालेली आवडे. धो धो पावसात तंबू वाहून गेले, त्या शिबिराची बातमीसुद्धा उत्साहाच्या वातावरणातच संपन्न झाली होती. आणि शेवटच्या पानावर तळाशी, चौकटीत, कायमची एक ओळ: स्वयंसेवक हवेत. ती ओळ इतकी वर्षं तिथे होती की छापखान्यातल्या माणसाला ती संघटनेच्या नावाचाच भाग वाटे.

यंदा मात्र घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं अशी गत झाली. ताईंची जुनी जोडीदारीण, ग्रंथालयातली बाई, जिच्या भरवशावर स्वयंपाकघर चालायचं, ती मुलाकडे कायमची राहायला गेली. दोन तरुण पथकप्रमुख होते, नवराबायको, त्यांची बदली झाली. शिबिराच्या चुली सांभाळणारे ड्रायव्हरकाका, म्हणजे एके काळी बस चालवणारे, त्यांना दिसेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते मोतीबिंदू आहे, पण काका शस्त्रक्रियेला घाबरत. त्यातच यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ताई पहाटे उठून त्यांचा व्यायाम करून घ्यायच्या, मग कामावर, मग पथक, मग फोन. सगळ्यांना त्यांचा एकच प्रश्न असे, "तुम्ही येणार ना?" आणि सगळ्यांचं एकच उत्तर असे, "बघतो."

उन्हाळी शिबिराआधी सफाईचा रविवार असतो. शहराबाहेर तलावाच्या काठी संघटनेची जागा होती: पत्र्याचं लांबट स्वयंपाकघर, तंबूंची खोली, संडासांची एक रांग, हातपंप. वर्षभर बंद असलेली ती जागा त्या दिवशी झाडायची, धुवायची, तंबू उन्हात पसरायचे. ताईंनी सगळ्यांना कळवलं होतं. त्या पहिल्या बसने जाऊन पोहोचल्या. ड्रायव्हरकाका दुधाच्या गाडीत बसून, काठी टेकत, आधीच आले होते. थोड्या वेळाने औषधांच्या दुकानाचे मालक आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "मला अकराला दुकान उघडायचंय हं."

बाकी कुणी आलं नाही.

"ताई, किती जण येणार म्हणाले होते?" काकांनी विचारलं.

"बरेच."

"बरेच म्हणजे आपण तिघं होय." काका फिसकन हसले. "मला एक बरं आहे. घाण दिसत नाही. कुठे घासू तेवढं सांगा."

त्यांना हातपंपापाशी बसवून ताईंनी पातेली त्यांच्यापुढे ठेवली. औषधवाल्यांनी संडास धुतले, निमूटपणे आणि खरंच नीट धुतले, आणि घड्याळ बघत गेले. ताई तंबूंच्या खोलीत शिरल्या. आत ओल्या कापडाचा कुबट वास होता. खालच्या दोन तंबूंना बुरशी लागली होती, एकात उंदरांनी घर केलं होतं. त्यांनी वरची पिशवी खेचली, खांद्यावर घेतली, आणि कमरेत अशी कळ आली की पिशवी तिथेच टाकून त्या उपड्या बादलीवर बसल्या.

बराच वेळ बसून राहिल्या. रडू आलं असतं तर मोकळं तरी वाटलं असतं, पण रडूही येईना. समोर तंबूंचा ढीग होता, आणि त्यांना दिसत होतं की हा ढीग बाहेर न्यायचा, पसरायचा, घासायचा, वाळवायचा, घड्या घालायच्या, परत आत आणायचा. मग शिबिर, मग परत हेच. मग हिवाळी अंक, मग परत सफाईचा रविवार. यात नवीन काहीच नव्हतं. गेल्या वर्षीही असंच होतं. फक्त गेल्या वर्षी त्या उठल्या होत्या. आज उठावंसंच वाटत नव्हतं.

बाहेरून काकांचा पातेली घासल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तोही थांबला.

"ताई? आहात ना?"

"आहे हो."

"नाही, आवाज नाही आला म्हणून म्हटलं."

"काका, यंदा नाही जमायचं," ताई आतूनच म्हणाल्या. ते बोलून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं. हे शब्द इतके साधे असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

काकांनी घासणी परत उचलली. मग म्हणाले, "पातेली तरी पुरी करतो. अर्धवट टाकवत नाही."

घरी आल्या तेव्हा यजमान पाय स्टुलावर ठेवून बसले होते. जेवण झाकून ठेवलेलं तसंच होतं.

"जेवला नाहीत?"

"तू जेवलीस?"

"नाही."

"मग मी कसा जेवेन?" त्यांनी बायकोच्या चालण्याकडे बघितलं. "पाठ गेली का?"

"गेली."

"छान. आता घरात धड एकच पाय आणि अर्धी पाठ." मग हसू आवरून ते म्हणाले, "सोड, असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं की तू हट्टाने करशील."

"शिबिर रद्द करतेय," ताई म्हणाल्या.

यजमानांनी स्टुलावरचा पाय हळूच खाली घेतला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. "अध्यक्षांना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? तेच येऊन तंबू उचलणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उन्हाळी अंक लिहायला बसल्या. झाडं लावल्याची बातमी लिहिली. बिल्ले मिळालेल्यांची नावं लिहिली. मग शिबिराची बातमी. नेहमीची वाक्यं हाताशी होतीच, पण ती कागदावर उतरेनात. शेवटी त्यांनी लिहिलं:

"यंदा शिबिर होणार नाही. पैसे नाहीत असं नाही, जागा नाही असं नाही. माणसं नाहीत. सफाईला तिघे आलो, त्यातल्या एकाला दिसत नाही, एकाला दुकान होतं आणि माझी पाठ धरली. आम्ही दमलो आहोत. मुलांची क्षमा मागते."

अंक अध्यक्षांकडे गेला तसे ते स्वतः घरी आले. पांढरा सदरा, हातात पानं, चेहऱ्यावर शाळेतला जुना गंभीरपणा.

"ताई, हा निराशेचा सूर बरा नाही."

"सर, मी सूर लावलाच नाही. बातमी दिली."

"आपण असं म्हणू या का, की अपरिहार्य कारणास्तव शिबिर पुढे ढकलण्यात येत आहे?"

"अपरिहार्य कारण म्हणजे माझी कंबर. आणि पुढे म्हणजे कधी? तेव्हा कोण येणार आहे?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. गेली कित्येक वर्षं काहीच म्हणत नाहीयेत."

अध्यक्ष खुर्चीत बसले. यजमानांनी आतून लंगडत पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायला अध्यक्षांना जरा जास्तच वेळ लागला. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "मी तंबूत शेवटचा कधी झोपलो, आठवतही नाही मला. उद्घाटनाला येतो, भाषण करतो, मुलं टाळ्या वाजवतात. मला वाटायचं सगळं आपोआप होतं."

ताईंना त्यांची दया आली, आणि ती दाखवण्याएवढीही ताकद आपल्यात उरली नाही असंही वाटलं.

"छापा," अध्यक्ष म्हणाले. "फक्त 'क्षमा मागते' च्या जागी 'मागतो' करा. माझंही नाव घाला."

अंक गेला. पहिले काही दिवस फोनवर फोन. एका आईने विचारलं, आता सुट्टीत मुलाचं करायचं काय? एका वडिलांनी आधीच कळवायला हवं होतं म्हणून झापलं. परगावाहून लेकीचा फोन आला. "आई, बरं केलंस," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "पण असं वाचून कसंतरीच झालं." ताई सगळ्यांचं ऐकून घेत. वाद घालायलाही जोर लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. संध्याकाळी आल्या की कपडे न बदलता पलंगावर आडव्या होत. झोप मात्र यायची नाही. पंख्याकडे बघत पडून राहायच्या.

मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत कामाच्या ठिकाणी एक बाई आल्या. पस्तिशीच्या, दंडापर्यंत बाह्या वर केलेल्या, हातात गाडीच्या किल्ल्या. ताईंनी त्यांना पाहिलं होतं: दर आठवड्याला पथकाच्या दारात टॅक्सी उभी करून मुलीला सोडायच्या आणि निघून जायच्या. टेबलावर उघड्या तोंडाच्या पांढऱ्या साच्यांची रांग होती. बाईंनी एकदा तिकडे बघितलं, दचकल्या, आणि मग सरळ सुरू झाल्या.

"हे काय छापलंत? माणसं नाहीत म्हणे! मी काय माणूस नाही?"

ताईंच्या हातात अर्धवट कवळी होती. "तसं नाही हो. पण दर अंकात लिहितो आम्ही, स्वयंसेवक हवेत म्हणून."

"छापून विचारणं म्हणजे विचारणं का? दुकानाबाहेर पाटी लावतात तसं! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि तुम्ही तर कधी हूं की चूं केलं नाहीत. आठवड्याच्या आठवड्याला मी दारात येते. एकदा तरी म्हणालात, जरा थांबता का?"

"तुम्हाला घाई असायची."

"घाई नव्हती. तुमच्याकडे बघून वाटायचं, या बाईला कुणाची गरज नाही. सगळं कसं पटापट, शिट्टी वाजली की पोरं रांगेत. मध्ये आपण कशाला लुडबुडायचं, उगीच काहीतरी चुकवायचं आणि बोलणी खायची!"

ताईंनी कवळी खाली ठेवली. रागवावं असं वाटलं, पण राग नीट पेटेना, कारण बाई बोलत होत्या त्यात खरं होतं. गेल्या वर्षी एका वडिलांनी तंबूची गाठ मारली होती, ती ताईंनी त्यांच्यादेखत सोडून परत मारली होती. ते गृहस्थ पुन्हा आले नव्हते.

"बोलणी खाल्ली असतीत," ताई म्हणाल्या. "खरं आहे तुमचं."

टॅक्सीवाल्या बाई जरा नरमल्या. "मग? आता सांगा, काय करायचं?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाल्या. "खरंच नाही माहीत. मला नुसतं झोपायचंय."

बाई हसल्या नाहीत. टेबलाच्या कडेवर टेकून म्हणाल्या, "आठवड्याचं नको, दोन रात्रींचं करू. तुम्ही फक्त यायचं आणि बसायचं. ओझी आम्ही उचलू. आम्ही म्हणजे कोण ते बघते मी. टॅक्सीत दिवसभर माणसंच भेटतात मला."

त्यांनी खरंच बघितलं. फरश्या बसवणारे एक वडील आले, त्यांचा भाऊ आला. कधीकाळी पथकात असलेल्या आणि आता कॉलेजात शिकणाऱ्या दोन बहिणी आल्या. औषधवाल्यांनी दोन दिवस दुकान भाच्यावर सोडलं. तंबू बाहेर निघाले, घासले गेले. बुरशीचे डाग काही गेले नाहीत. सुट्टी संपता संपता, उन्हाळ्याच्या अगदी शेपटाला, दोन रात्रींचं शिबिर ठरलं. मुलं नेहमीच्या निम्मीच आली. बाकीची कुठे कुठे गावी गेली होती.

ताई गेल्या. पहिल्या सकाळी त्यांनी सगळ्यांना कामं समजावून दिली: चूल वाऱ्याच्या कुठल्या बाजूला, पिण्याचं पाणी कुठे झाकायचं, तंबूचं तोंड कुणीकडे. दुपारी जेवणाआधी त्या तंबूंच्या खोलीत घटकाभर पाठ टेकायला म्हणून रिकाम्या पिशव्यांवर आडव्या झाल्या.

जाग आली तेव्हा दारातून येणारं ऊन भिंतीवर चढलं होतं. ताई धडपडत उठल्या. मनात आलं: जेवणं झाली असतील, तलावाकडे कोण गेलं असेल, पोरं मोजली का कुणी? त्या तशाच बाहेर आल्या.

तंबू उभे होते. रांग वाकडी होती, आणि दोघांची तोंडं चक्क एकमेकांकडे होती, म्हणजे रात्री बाहेर पडताना पोरं एकमेकांवर आदळणार. चूल नेमकी नको तिथे मांडली होती. धूर फरशीवाल्यांच्या डोळ्यांत जात होता आणि ते डोळे पुशीत पातेलं खरवडत होते. एका मुलीचं ढोपर सोललं होतं, त्याला औषधवाल्यांनी फेट्याएवढी पट्टी बांधली होती आणि ती मुलगी ती सगळ्यांना दाखवत हिंडत होती. कॉलेजातल्या बहिणी झाडाखाली पोरांना काहीतरी शिकवत होत्या. ते बहुतेक चुकीचं होतं, पण पोरं खदाखदा हसत होती. कुणी बुडालं नव्हतं.

ताईंनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"उठलात?" टॅक्सीवाल्या बाई ओल्या हातांनी पुढे आल्या. "भाजी करपली आमची. पोरांनी खाल्ली बिचाऱ्यांनी. तुमच्यासाठी वरची वरची काढून ठेवलीये."

"उठवायचं नाही का मला?"

"काका म्हणाले, उठवाल तर बघा. दाराशी बसून होते काठी घेऊन. मगाशी कुठे उठलेत."

ताई झाडाच्या सावलीत बसून करपलेली भाजी जेवल्या. बरं वाटत होतं, खूपच. आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी काहीतरी बारीकसं टोचतही होतं. इतकी वर्षं आपल्यावाचून पान हलत नाही असं धरून चाललो, आणि आपण घोरत पडलो तर इथे दुपार गेली, वाकडीतिकडी का होईना, पण गेली. मग इतक्या वर्षांत जे सोसलं ते सगळं गरजेचं होतं का? या प्रश्नाशी त्या थोडा वेळ थांबल्या. उत्तर शोधत बसायचं त्राण नव्हतं. त्यांनी ताट धुतलं.

संध्याकाळी फरशीवाले त्यांच्यापाशी आले. "ताई, ते दोन तंबू फिरवू का? काका चाचपून गेले, रात्री घोटाळा होईल म्हणतात."

"फिरवा," ताई म्हणाल्या. "नाहीतर राहू द्या. होऊ दे थोडा घोटाळा."

पावसाळी अंक टॅक्सीवाल्या बाईंनी आणि त्या दोन बहिणींनी मिळून काढला. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, एक फोटो उलटा छापला गेला होता. अध्यक्षांनी पहिल्यांदाच स्वतः लिहून मजकूर दिला: तंबूत एक रात्र झोपलो, कंबर दुखली, पण मजा आली. चौकटीतली ती जुनी ओळ मात्र त्यात नव्हती. बाई म्हणाल्या, आम्ही तोंडानेच विचारतो, त्यात माणूस पटकन नाही म्हणू शकत नाही. ड्रायव्हरकाका शेवटी एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला तयार झाले. टॅक्सीतूनच गेले.

ताईंनी संघटकपद सोडलं. महिन्यातून एकदा गाठी शिकवायला येईन, एवढंच म्हणाल्या, आणि दोनदा तेही चुकवलं. लोकांना वाटलं होतं, आता ताई ताज्यातवान्या होतील, पुन्हा उभारी धरतील. तसं काही झालं नाही. वर्षानुवर्षांचा शीण एका उन्हाळ्यात जात नसतो. तो आला तसाच, थेंबाथेंबाने जातो. कामावर त्या हळू झाल्या. घरी कधी भर दुपारी खुर्चीतच डोळा लागायचा. कामावरचे मालक म्हणाले, दोन दिवस कमी या, तर "बघते" म्हणाल्या, आणि खरंच कमी जाऊ लागल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी ताई आणि यजमान फिरायला निघाले. म्हणजे कोपऱ्यापर्यंत जायचं, बाकावर बसायचं आणि परत यायचं. एवढंच दोघांना झेपायचं. बाकावर बसले होते तेवढ्यात समोरून टॅक्सी आली. मागच्या खिडकीतून तंबूचे नवे बांबू बाहेर आलेले, त्याला लाल फडकं बांधलेलं, पुढे फरशीवाले मांडीवर पातेलं घेऊन बसलेले. बाईंनी गाडी हळू केली.

"ताई, सफाईला चाललोय! येता का? जागा करते."

"आज नको," ताई म्हणाल्या.

"बरं!" आणि गाडी निघूनही गेली.

यजमान वळणापर्यंत गाडीकडे बघत राहिले. "हात तरी हलवायचास."

"हलवला की."

"मला दिसला नाही."

"थोडाच हलवला," ताई म्हणाल्या, आणि बाकाला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले.